शालेय स्पर्धांची शिडी आणि उसाचा हंगाम

ऑगस्ट उजाडला की बीड जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या कार्यालयांत एक निराळीच लगबग सुरू होते. प्रवेश-निर्गम नोंदवहीचे उतारे काढले जातात, ओळखपत्रांवर छायाचित्रे चिकटवून मुख्याध्यापकांचे सही-शिक्के घेतले जातात, क्रीडाशिक्षक पावसाची उघडीप पाहून मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा आखून घेतात. तालुका क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक हाती आलेले असते. शहरातील वाचकाला आंतरशालेय स्पर्धा म्हटले की एखादी ढाल, वार्षिक अंकातील छायाचित्र आणि फार तर दोन दिवस बुडालेले तास आठवतील. बीडमध्ये या स्पर्धांशी बरेच काही बांधलेले आहे. दहावीच्या निकालातील काही गुण त्यांवर अवलंबून असतात आणि पुढे पोलीस किंवा अन्य शासकीय भरतीच्या अर्जातील एक रकाना त्यांतून भरला जातो. काही मुलींच्या बाबतीत तर शाळेत आणखी दोन वर्षे राहण्याचे सबळ कारणही या स्पर्धाच पुरवतात.

मात्र या स्पर्धांची शिडी ज्या महिन्यांत चढायची असते, नेमक्या त्याच महिन्यांत जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे घराला कुलूप लावून ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. ही दोन वेळापत्रके एकमेकांना कशी छेदतात, हे समजून घेतल्याशिवाय बीडच्या शालेय खेळांचे चित्र पूर्ण होत नाही.

प्रथम या शिडीची रचना पाहू. देशपातळीवर शालेय खेळांचे नियोजन करणारा भारतीय शालेय क्रीडा महासंघ १९५४ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्रात हे काम क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आहे. जिल्ह्यात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा क्रीडा परिषद पाहते. खेळाडूंचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. शेवटचा गट कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत पोहोचतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशा पाच पायऱ्या. कबड्डी किंवा खो-खोसारख्या सांघिक खेळात तालुक्याचा विजेता जिल्ह्याला जातो आणि जिल्ह्याचा विजेता विभागाला. राज्याचे आठ क्रीडा विभाग आहेत. त्या आठ विभागांचे विजेते राज्य स्पर्धेत भिडतात आणि तेथून निवड समिती महाराष्ट्राचा संघ निवडते. म्हणजे राज्य स्पर्धेपर्यंत मूल आपल्या शाळेच्या नावाने खेळते, त्यापुढे राज्याच्या नावाने.

या रचनेत एक बारकावा आहे, जो बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. महापालिका असलेल्या शहराला या स्पर्धांत स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळतो. छत्रपती संभाजीनगर शहराचा संघ वेगळा आणि त्याच जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा संघ वेगळा असतो. बीडला नगरपालिका आहे, त्यामुळे शहरातील मोठ्या शाळा आणि आष्टी-पाटोद्याकडील वाडी-तांड्यांवरील शाळा एकाच जिल्हा स्पर्धेत उतरतात. शहरातील शाळेकडे बहुधा पूर्णवेळ क्रीडाशिक्षक असतो, जिल्हा क्रीडा संकुल हाकेच्या अंतरावर असते आणि पालक सकाळी मुलाला सरावाला सोडू शकतात. तांड्यावरील संघ पहाटेची एसटी पकडून आलेला असतो आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकू नये म्हणून एक डोळा घड्याळावर ठेवून खेळतो. उपांत्य सामना लांबला तर अंतिम सामन्यापेक्षा मुक्कामाची चिंता मोठी होते. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि पश्चिमेकडील आष्टीपासून पूर्वेकडील परळी-अंबाजोगाईपर्यंत जिल्हा आडवा पसरलेला आहे. बीड शहराला रेल्वे मिळाली तीच मुळी सप्टेंबर २०२५ मध्ये, अहिल्यानगरच्या बाजूने. परळीपर्यंतचा मार्ग पूर्ण होण्याआधीच ती सुरू झाली. त्यामुळे या साऱ्या वर्षांत शालेय संघांचा प्रवास म्हणजे एसटी, जीप किंवा शिक्षकांनी वर्गणी काढून ठरवलेला टेम्पो असाच राहिला.

खेळांच्या यादीत आता कितीतरी नवे प्रकार आले आहेत. तरीही ग्रामीण बीडमध्ये मैदान मारतात ते जुनेच चार: कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि मैदानी स्पर्धा, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकी. कारण सरळ आहे. कबड्डीला आखलेली जमीन लागते, खो-खोला त्याशिवाय दोन खांब, धावायला तेही नको. दोन्ही सांघिक खेळांचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातच घडले. खो-खोची पहिली नियमावली पुण्यात १९१४ च्या सुमारास तयार झाली असे मानले जाते. हे खेळ शाळेच्या वेतनेतर अनुदानात बसणारे आहेत, हे कोणी उघडपणे बोलत नाही, पण त्यांच्या लोकप्रियतेचे निम्मे श्रेय त्यालाच द्यायला हवे.

जमिनीचा पोतही यात भूमिका बजावतो. गोदाकाठच्या गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत काळी, चिकट माती. श्रावणात त्या मैदानावर पाय ठेवला की चपलेसकट चिखल वर येतो. बालाघाटाच्या माथ्यावरील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागांत जमीन मुरमाड. तिथे पाऊस ओसरला की तासाभरात खेळता येते, मात्र पडले की गुडघा सोलवटतो. ज्या पट्ट्यात मैदान लवकर वाळते, त्याच पट्ट्यात शेती कोरडवाहू आहे आणि तिथूनच सर्वाधिक माणसे ऊस तोडायला जातात. खेळाच्या दृष्टीने बीडची सगळी अडचण या एका भौगोलिक योगायोगात सामावलेली आहे.

दसऱ्यानंतरचा संघ

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो. दसरा झाला की टोळ्या हलू लागतात, दिवाळीनंतर गावे रिकामी होतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कारखाने, त्याशिवाय सीमेपलीकडील कर्नाटकातील कारखाने ही त्यांची ठिकाणे. लहान मुले आई-वडिलांसोबत जातात. दहा-बारा वर्षांचे मूल कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळते. त्याहून मोठे असेल तर ते वाढे गोळा करते, मोळ्या बांधू लागते. चौदा-पंधराव्या वर्षी ते स्वतःच अर्धा कोयता ठरते.

आता स्पर्धांचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहावे. तालुका स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जिल्हा स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विभागीय स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि राज्य स्पर्धा बहुधा दिवाळीनंतर. राष्ट्रीय स्पर्धा हिवाळ्यात. दरवर्षी तारखा मागेपुढे होतात, पण साचा हाच. तालुका आणि जिल्हा या दोन पायऱ्या चढेपर्यंत गाव भरलेले असते. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायच्या वेळी टोळी निघालेली असते.

त्यात पाऊस आणि सण यांची भर पडते. जून-जुलै प्रवेश, गणवेश आणि पुस्तकवाटपात जातो. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाची तयारी, २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीनिमित्त क्रीडा दिन, मग गणपती-गौरी, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि त्यापाठोपाठ प्रथम सत्राची परीक्षा. मैदान ओले म्हणून तालुक्याची स्पर्धा आठवडाभर पुढे गेली की जिल्ह्याची पुढे जाते आणि सगळी माळ दसऱ्याच्या दिशेने सरकते. शहरी शाळेला या आठवड्याचे काही वाटत नाही. वडवणी किंवा शिरूर कासारच्या शाळेला मात्र तोच आठवडा संघ असणे आणि नसणे यांतील अंतर असतो.

वैयक्तिक खेळातील मूल गेले तर त्या मुलाचे नुकसान होते. सांघिक खेळात एक मूल गेले तर इतर अकरा जणांचेही होते. खो-खोत हे विशेष जाणवते. नऊ खेळाडू मैदानात आणि तीन राखीव. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो. प्रतिस्पर्धी संघाचे गडी तिघा-तिघांच्या तुकडीने आत येतात. बसलेल्या गड्याने पाठीवर थाप पडताच कोणत्या बाजूला झेप घ्यायची, 'खो' कोणाला द्यायचा, पळणाऱ्याला खांबाकडे कसे रेटायचे, हे सारे महिनोन्महिन्यांच्या सहवासाने अंगवळणी पडते. सहावीपासून एकत्र खेळणारी मुले एकमेकांच्या श्वासावरून पुढची चाल ओळखतात. अशा संघातून खांबाजवळ बसणारे दोन तरबेज गडी दसऱ्यानंतर निघून गेले, तर त्यांच्या जागी राखीव मुले उतरवता येतात, कागदावर संघ पूर्ण दिसतो, पण तो संघ राहत नाही. विभागीय स्पर्धेत अशा तुटक्या संघाची गाठ पडते ती छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी येथील वर्षभर एकत्र सराव केलेल्या संघांशी. निकालपत्रावर केवळ गुणफरक छापला जातो.

पर्याय म्हणून मुलाने जिथे स्थलांतर झाले तिथून खेळावे, असे सुचवणे सोपे आहे. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात 'शिक्षण हमी कार्ड' दिले जाते. ते दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेत बसता येते. परंतु स्पर्धेत खेळाडू आपल्या मूळ शाळेच्या पटावरून, त्या शाळेच्या प्रवेशिकेत नाव असल्यावरच उतरतो. बीडचे मूल नोव्हेंबरमध्ये शिरोळ किंवा वाळव्याच्या शाळेत पोहोचते, तेव्हा तिथल्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा संपून गेलेल्या असतात. वर्गात जागा मिळते, संघात नाही. शिवाय ऊसतोडीच्या फडावरून शाळेपर्यंत रोज पोहोचणे हीच मोठी गोष्ट. सरावासाठी सायंकाळी थांबण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

उरतो तो वसतिगृहाचा मार्ग. आई-वडील गेले तरी मूल गावातच राहावे म्हणून बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे अनेक वर्षे चालवली जात आहेत. बहुधा शाळेच्याच खोल्यांत किंवा गावातील एखाद्या घरी, स्थानिक शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली, हंगामापुरती जेवणाची सोय होते. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर केली. तिच्यात तालुकावार मुलांचे आणि मुलींचे स्वतंत्र वसतिगृह अभिप्रेत आहे. ही योजना खेळासाठी आखलेली नाही, पण खेळावर तिचा परिणाम होतो. वसतिगृहात राहिलेले मूल संघात राहते. हंगामी वसतिगृहाची मुख्य अडचण म्हणजे ती बहुधा टोळ्या गेल्यानंतर, निधी आणि मंजुरी आल्यावर सुरू होतात. आजी-आजोबा नसलेल्या घरातील मूल दरम्यानच्या दोन-तीन आठवड्यांसाठी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर नसल्याने ते गाडीत बसते आणि एकदा गेले की सहसा मधूनच परतत नाही. विभागीय स्पर्धा नेमकी याच आठवड्यांत येते.

गुण, नोकरी आणि प्रमाणपत्र

शालेय स्पर्धा एवढ्या गांभीर्याने का घेतल्या जातात, याचे उत्तर खेळाच्या प्रेमात जितके आहे तितकेच शासन निर्णयांतही आहे. दहावी आणि बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. खेळाडूने कोणत्या पातळीवर कामगिरी केली त्यानुसार ते चढत जातात आणि अधिकाधिक २५ पर्यंत पोहोचतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण २००५ पासून आहे. त्याचे निकष नंतर २०१६ मध्ये सुधारण्यात आले. पद जितके वरचे तितकी कामगिरीही वरच्या पातळीची लागते. ज्या घरात वडिलांच्या उचलीचा हिशेब तीन-तीन हंगाम फिटत नाही, त्या घरातील मुलाला पोलीस शिपायाची नोकरी म्हणजे कोयता कायमचा खाली ठेवणे. राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्राकडे तो या नजरेने पाहतो. तालुक्याच्या प्रमाणपत्राला भरतीत काही किंमत नाही, हे मात्र त्याला अनेकदा अर्ज भरतानाच कळते.

साहजिकच, जिथे कागदाला किंमत येते तिथे बनावट कागदही येतो. राज्यभर बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे वेळोवेळी उघडकीस आली. त्यानंतर विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घेणे अनिवार्य झाले. ज्या खेळाचे दहा संघही जिल्ह्यात नाहीत, त्याची थेट राज्य स्पर्धा भरवून पदके वाटण्याचे प्रकारही चर्चेत आले. याचा खरा फटका बसतो तो कबड्डी-खो-खोच्या मुलांना. या खेळांत तालुक्यापासून झुंजत यावे लागते, स्पर्धा तीव्र असते आणि पदक क्वचित हाती लागते. सोपे पदक दुसऱ्याच एखाद्या अपरिचित खेळात मिळत असेल, तर चार पैसे बाळगणारा पालक मुलाला तिकडे वळवतो. ऊसतोड कामगाराच्या मुलाला तो रस्ता ठाऊकही नसतो.

वयाची फसवणूक हा जुना रोग. १४ वर्षांखालील गटात ओठावर मिसरूड फुटलेला खेळाडू दिसला की मैदानावर कुजबुज सुरू होते आणि हरलेल्या शाळेचे शिक्षक हरकत अर्ज लिहायला बसतात. शालेय कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, म्हणून सामन्यापूर्वीच्या वजनकाट्यालाही महत्त्व येते. काही मुले आदल्या रात्री जेवत नाहीत. स्थलांतरित कुटुंबांत जन्मनोंद उशिरा झालेली, शाळाप्रवेशावेळी गुरुजींनी अंदाजाने तारीख लिहिलेली, अशी उदाहरणे पूर्वी सर्रास असत. त्यामुळे खोटे बोलण्याचा हेतू नसतानाही कागद आणि शरीर यांचा मेळ बसत नाही, आणि कधी खरे वय असलेले मूलही बाद ठरते.

बीडची नावे आणि शाळेची वाट

बीडच्या क्रीडागुणांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अलीकडच्या काही वर्षांत या जिल्ह्याने देशाला दिलेली नावे कोणत्याही संपन्न जिल्ह्याला हेवा वाटावा अशी आहेत. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला आणि केनियाच्या धावपटूपेक्षा सेकंदाच्या केवळ पाच शतांश भागाने मागे राहून रौप्यपदकाचा मानकरी ठरला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक विजेता ठरला आणि २०१९ मध्ये जागतिक कुस्ती स्पर्धेत त्याने कांस्य मिळवले. बीड शहराचा सचिन धस याने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, संघ ४ बाद ३२ अशा अवस्थेत असताना, ९६ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यातील.

ही नावे गौरवसमारंभात एका श्वासात घेतली जातात. प्रत्येकाची वाट स्वतंत्रपणे तपासली तर निराळीच गोष्ट समोर येते. साबळे लहानपणी कित्येक किलोमीटर चालत-धावत शाळेला जात असे, पण धावपटू म्हणून त्याची कारकीर्द आकाराला आली ती बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यावर. सियाचिनसारख्या ठिकाणची चाकरी करून तो २०१५ च्या सुमारास सैन्यातील क्रॉस कंट्री स्पर्धांकडे वळला आणि स्टीपलचेस तर त्याहून नंतर आले. म्हणजे देशाला लाभलेला हा सर्वोत्तम स्टीपलचेस धावपटू ज्या वयात शालेय मैदानी स्पर्धांच्या जाळ्यात सापडायला हवा होता, त्या वयात सापडला नाही. आवारेची वाट वडिलांच्या कुस्तीप्रेमातून, गावोगावच्या जत्रांतील फडांतून आणि पुढे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या तालमीतून गेली. धसच्या मागे मुलाला क्रिकेटपटू करायचेच, या जिद्दीने उभे राहिलेले वडील होते. सराव बीडमध्येच झाला, पण पुढची दारे उघडली ती क्रिकेट संघटनेच्या वयोगट स्पर्धांनी. इंगळे हिचे कुटुंब पोटापाण्यासाठी पुणे परिसरात गेले आणि तिला खो-खो सापडला तो तिकडच्या शाळेत. चौघांपैकी शालेय स्पर्धेचा धागा सर्वांत ठळकपणे दिसतो तो तिच्याच वाटचालीत, आणि ती शाळा बीडबाहेरची.

यावरून शालेय स्पर्धा निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तालीम, सैन्य, क्रिकेट संघटना या वाटा मूठभरांसाठी असतात. त्यांतील बहुतेक मुलांसाठीच्या असतात, मुलींसाठीच्या नव्हेत. अकरा तालुक्यांतील हरेक माध्यमिक शाळेच्या दारातून जाणारी वाट एकच, आणि ती शालेय स्पर्धेची.

मुलींच्या बाबतीत तर दुसरी वाटच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झाल्याचे आढळले. शालेय स्पर्धांचे १७ आणि १९ वर्षांखालील गट नेमके याच वयाचे. जोडप्याचा कोयता धरला जात असल्याने लग्न झालेल्या मुलीला लगेच कामाची जागा मिळते, आणि वयात आलेल्या मुलीला एकटी गावात ठेवून जाणे आई-वडिलांना धोक्याचे वाटते. या दोन कारणांच्या कात्रीत नववी-दहावीतील मुली शाळेतून गळतात. चौदा वर्षांखालच्या गटात जिल्ह्याला नमवणाऱ्या संघातील किती मुली १९ वर्षांखालील गटापर्यंत टिकतात, याची शाळानिहाय नोंद ठेवली, तर क्रीडा खात्याइतकीच ती महिला व बालविकास खात्यालाही उपयोगी पडेल. राज्य स्पर्धेसाठी निवडलेली मुलगी गावात नावाजली जाते, वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र येते, गुरुजी आणि सरपंच तिच्या घरी जातात. अशा मुलीचे लग्न गुपचूप उरकणे अवघड होते. हे संरक्षण कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

शिडीच्या खालच्या टोकाला, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत, अवस्था अधिक बिकट आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण हवे असे म्हटले आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद केली. वाडी-वस्तीवरील शाळेचा पट शंभरापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे निदेशकाचा प्रश्न परस्पर निकाली निघतो. भाषा-गणित शिकवणारे गुरुजीच शिट्टी फुंकतात. या शाळांसाठी केंद्र, बीट, तालुका आणि जिल्हा अशा वेगळ्या स्पर्धा असतात, आणि त्या बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भरतात. हवा खेळायला उत्तम, मैदाने कोरडी. पण तोवर गाव निम्मे रिकामे झालेले असते. ज्या शाळेच्या पटावर चाळीस मुले आहेत आणि वर्गात अठरा बसली आहेत, ती कबड्डीचा सात जणांचा संघ चौथीतली मुले घेऊन पूर्ण करते.

वरच्या पायऱ्यांवर आणखी एक अडसर नव्याने उभा राहिला आहे. कबड्डी आणि खो-खोच्या मोठ्या स्पर्धा आता मातीवरून मॅटवर गेल्या आहेत. मॅटवर पायाची पकड वेगळी, वळण्याचा वेग वेगळा, बूट आवश्यक. मुरमाड जमिनीवर अनवाणी पळणारा चपळ गडी मॅटवर पहिल्या दिवशी घसरतो, आणि बाद फेरीच्या स्पर्धेत पहिला दिवस हाच शेवटचा दिवस असतो. तालुका क्रीडा संकुलात मॅटचा एक संच ठेवून जिल्हा विजेत्या संघांना विभागीय स्पर्धेआधी आठ दिवस सराव दिला, तर फार मोठा खर्च येणार नाही.

वेळापत्रकाबाबतही हाच प्रकार. ऊसतोडीचे तालुके कोणते हे प्रशासनाला पूर्णपणे माहीत आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतील तालुका स्पर्धा जुलैअखेरीस सुरू करणे आणि जिल्हा स्पर्धा गणेशोत्सवापूर्वी उरकणे जिल्हा क्रीडा परिषदेच्या हातात आहे. मुरमाड मैदाने त्याला साथ देतील. विभाग आणि राज्य स्पर्धांच्या तारखा मात्र जिल्ह्याच्या हातात नाहीत. तिथे एकच उपाय उरतो. जिल्हा विजेत्या संघातील स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांची यादी क्रीडा कार्यालयाने शिक्षण विभागाला आणि समाजकल्याण विभागाला दसऱ्यापूर्वीच द्यावी आणि त्या दहा-बारा मुलांना वसतिगृहात सर्वप्रथम, हंगामी मंजुरीची वाट न पाहता, जागा मिळावी. अकरा तालुके आणि तीन वयोगट धरले तरी ही संख्या प्रशासनाला पेलवणार नाही इतकी मोठी होत नाही. प्रवास आणि गणवेशाचा खर्च शाळेने करायचा की परिषदेने, हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी तो क्रीडाशिक्षकाच्या खिशातून मिटतो.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतू लागतात. कारखान्यावरून आलेली मुले दोन-चार दिवसांत शाळेच्या मैदानावर दिसू लागतात. खो-खोचे खांब तिथेच असतात. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते, राष्ट्रीय स्पर्धा होऊन गेलेल्या असतात आणि सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत मंडळाकडे निघालेले असतात. पुढील वर्षाच्या प्रवेशिका शाळा उघडल्यानंतर, पावसाळ्यात भरल्या जातात.